घेणाऱ्याच्या चालीनं

कबनूरच्या आमच्या घरात पुढच्या दोन खोल्यांत संसार आणि मागच्या पत्र्याच्या शेडात चार माग, अशी वाटणी होती. शाळेतून आलं की दप्तर टाकून मी मागाच्या पाठीमागं, बीमापाशी जाऊन बसायचे. बाकीच्यांना धोट्याचं कौतुक. तो खटाखट इकडून तिकडं पळायचा, डोळा ठरायचा नाही. मला मात्र बीम बघायला आवडायचं. सायझिंगमधून शेकडो मीटर सूत गुंडाळून आलेलं ते अवजड बीम दमादमानं फिरायचं. त्याच्या टोकाला साखळी वेढलेली आणि साखळीला लोखंडी वजनं टांगलेली. पुढं कापड जेवढं गुंडाळलं जाई तेवढंच सूत मागून सुटे. वजन कमी पडलं तर ताणा लोंबकळायचा, जास्त झालं तर धागे तुटायचे. वडील कापडाकडं कमी आणि त्या वजनांकडं जास्त लक्ष देत.

वेब सर्व्हरवरून फाइल कशी द्यावी, यावर या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा आधी ते बीमच डोळ्यांपुढं आलं. सत्तावीस वर्षं इचलकरंजीत प्रोग्रॅमिंग शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं या एकाच गोष्टीसाठी भांडले: सबंध फाइल मेमरीत ओतून घेऊन मग देऊ नका, ती प्रवाहानं द्या आणि घेणाऱ्याच्या चालीनं द्या. सगळं बीम आधी जमिनीवर उलगडून ठेवायचं आणि मग विणायला बसायचं, असं १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणल्यापासून कुणी केलेलं नाही. फाइलीच्या बाबतीत मात्र शिकलीसवरलेली माणसं रोज तेच करतात.

जुना इतिहास भराभर सांगते. १९९१च्या पहिल्या वेबवर ब्राउझर एका ओळीत फाइल मागायचा, सर्व्हर ती पाठवायचा आणि जोडणी तोडायचा. जोडणी तुटली की फाइल संपली, एवढाच हिशेब. १९९६च्या एचटीटीपी १.० मध्ये किती बाइट येणार ते आधी सांगायची रीत लेखी आली. १९९७च्या १.१ मध्ये दोन मोठ्या सोयी झाल्या. एकूण लांबी ठाऊक नसतानाही तुकड्या-तुकड्यांनी माल पाठवता येऊ लागला, आणि फाइलीचा मधलाच भाग मागता येऊ लागला. या दुसऱ्या सोयीची किंमत आम्हाला विचारा. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलनं इंटरनेट खुलं केलं ते मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत. आमच्याकडं ते पोचलं तेव्हा फोनच्या तारेवर सेकंदाला चार-पाच केबी मिळाले तर भाग्य. एक एमबी उतरायला चार मिनिटं लागायची आणि तेवढ्यात घरातलं कुणीतरी फोन उचलायचं. जिथं तुटलं तिथून पुढं घ्यायची सोय नसती, तर आम्ही काहीच शिकलो नसतो.

नंतरचं पीएचपीचं दशक मी ओलांडूनच जाते. त्यात फाइल एका लांबलचक स्ट्रिंगमध्ये ओढायची, छापून टाकायची आणि मेमरी संपल्याची तक्रार आली की मर्यादेचा आकडा वाढवायचा, यापलीकडं बहुतेकांनी काही केलं नाही.

ज्या धाग्यावर माझा जीव आहे तो याहून जुना आहे. बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांनी १९६४ साली एका टिपणात सुचवलं होतं की, बागेतल्या पाण्याच्या नळ्या जोडाव्यात तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. १९७३ साली केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये पाइप आणला आणि ते खरं झालं. एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडाला लावलं, मधे थोडीशी जागा ठेवली. जागा भरली की देणारा थांबतो, रिकामी झाली की घेणारा थांबतो. रायन डाल यांनी नोव्हेंबर २००९मध्ये बर्लिनच्या परिषदेत सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड मांडलं. त्यातल्या स्ट्रीममध्ये मला हीच कल्पना पुन्हा भेटली. फाइल उघडली की ती ६४ केबीच्या तुकड्यांनी हाती येते. एक तुकडा वाचायचा, पुढं द्यायचा, मग दुसरा.

हे सांगायला सोपं आहे, पण माझा कान पिळला गेला तो प्रत्यक्ष कामात. २०१२च्या सुमारास एका संस्थेचं जुनं दप्तर स्कॅन करून लोकांना बघायला ठेवायचं काम माझ्याकडं आलं. एकेक फाइल सत्तर एमबीची, मशीनला मेमरी दोन जीबी. मी सबंध फाइल एकदम वाचणारं 'रीडफाइल' वापरून मोकळी झाले. घरी दोघातिघांत सगळं झकास चाललं. लोकांना खुलं केलं त्या सकाळी तीसेक माणसं एकदम आली. तीस गुणिले सत्तर म्हणजे एकवीसशे एमबी. मशीनचा श्वास अडकला आणि डिस्क मागाच्या शेडासारखी घरघरायला लागली. दुपारी 'क्रिएट-रीड-स्ट्रीम' आणि 'पाइप' घालून तो भाग पुन्हा लिहिला, जेमतेम आठ ओळी. त्याच तीस माणसांना आता दोन-चार एमबी पुरू लागले.

पण तुकडे पाडणं म्हणजे प्रवाह नव्हे, आणि इथंच माझं अनेकांशी वाजतं. डिस्क भरधाव वाचते आणि पलीकडं मोबाइलवाला चांदूरच्या शिवारात एका कांडीवर उभा असतो. तुम्ही तुकडे पाडले, पण तो घेतोय की नाही हे न बघता ढकलत राहिलात, तर न गेलेले तुकडे मेमरीतच साठणार. सबंध फाइल पुन्हा उरावर, फक्त तुकड्यातुकड्यांत. म्हणून लिहिताना 'राइट' काय उत्तर देतं ते बघायचं असतं. ते 'नाही' म्हणालं की वाचणं थांबवायचं, 'ड्रेन'ची खूण आली की पुन्हा सुरू करायचं. यालाच बॅकप्रेशर म्हणतात. पोरांना हा शब्द पाठ असतो, अर्थ विचारला की ती फळ्याकडं बघतात. मी त्यांना सरळ मागाच्या शेडात नेते, साखळीचं एक वजन काढायला लावते आणि ताणा लोंबकळताना दाखवते. तेवढं पुरतं. 'पाइप' हे वजन आपणहून सांभाळतो, म्हणून तो मला प्यारा.

त्याच 'पाइप'नं मला एकदा चांगलं रडवलंही. त्या उन्हाळ्यात भारनियमन जोरात होतं. सर्व्हरला इन्व्हर्टर होता, पण फाइल घेणाऱ्यांकडं नव्हता. कबनूर, कोरोचीची लाइन गेली की निम्मे लोक मधेच तुटायचे. दोन-तीन दिवस ठीक चालायचं आणि मग सर्व्हर एकाएकी कुठलीच फाइल उघडेना. फार फाइली उघड्या आहेत, असं म्हणायचा. बंद करून चालू केला की पुन्हा दोन-तीन दिवस बरा. महिनाभर मी आणि माझे दोन विद्यार्थी रात्री जागलो. शेवटी सापडलं ते असं: घेणारा मधेच गेला तर 'पाइप' नुसता थांबतो, मागची फाइल बंद करत नाही. वाट बघत ती तशीच उघडी राहते. प्रत्येक तुटलेल्या जोडणीमागं एक फाइल उघडी. लिनक्समध्ये एका प्रोग्रॅमला साधारणपणे १,०२४ची मर्यादा असते. लाइट जायच्या हिशेबानं ती दोन-तीन दिवसांत भरत होती. जोडणी मिटली की फाइल हातानं बंद करायची एक ओळ घातली आणि त्या रात्री आम्ही झोपलो. २०१८ साली नोडच्या दहाव्या आवृत्तीत 'पाइपलाइन' आली. एक टोक तुटलं की ती सगळी साखळी आवरून घेते. तेव्हापासून माझ्या वर्गात नुसता 'पाइप' लिहिलेलं मी तपासून देत नाही.

आता माझा खरा हट्ट. इंग्रजी पुस्तकं या जागेवरून घाईनं पुढं जातात, कारण त्यांना इथं ठेच लागत नाही. आपल्याला लागते. युटीएफ-८मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'क' म्हणजे ई-शून्य, ए-चार, नऊ-पाच. मात्रेलाही तीनच. 'कबनूर' शब्दात क, ब, न, दीर्घ उकार आणि र अशी पाच चिन्हं, म्हणून पंधरा बाइट. स्ट्रिंगची लांबी विचारली तर जावास्क्रिप्ट सांगणार पाच. तो पाचाचा आकडा कुणी कंटेंट-लेंग्थमध्ये, म्हणजे किती बाइट येणार ते आधी सांगणाऱ्या ओळीत, घातला, की ब्राउझर पाच बाइट घेऊन उठतो: एक पूर्ण 'क', 'ब'चे दोन बाइट आणि त्या अर्धवट 'ब'च्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. मराठी पानं एक तृतीयांशावर कापली गेलेली मी किती वेळा पाहिली असतील, मोजदाद नाही. दर वेळी दोष फाँटला दिला जातो.

दुसरी चूक याहून लपलेली. तुकडा आला की त्याची लगेच स्ट्रिंग करायची आणि आधीच्या स्ट्रिंगला जोडायची, असं नवखी माणसं हमखास लिहितात. तुकडा ६५,५३६ बाइटचा. त्याला तीननं भाग जात नाही, एक उरतो. मराठी मजकुरात कुठलंतरी अक्षर त्या कडेवर येतंच आणि कापलं जातं. त्याचा पहिला बाइट या तुकड्यात, मागचे दोन पुढच्यात. दोन्हींची वेगवेगळी स्ट्रिंग केली की अक्षर मेलं. वाचणाऱ्याला मधेच एका शब्दात दोन-तीन चौकटी दिसतात आणि पुन्हा पुढची पानंच्या पानं नीट असतात. कुणी तक्रारही करत नाही, एवढी ती चूक गरीब आहे.

वास्तविक युटीएफ-८ फार विचारपूर्वक बांधलेलं आहे. सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ते मांडलं. पाइप आणणारे थॉम्पसन तेच. अक्षराचा पहिला बाइट कोणता आणि मागचे कोणते हे बाइटकडं नुसतं बघून कळतं. त्यामुळं अर्धवट अक्षर ओळखून पुढच्या तुकड्यापर्यंत हातात धरून ठेवता येतं. नोडमधला स्ट्रिंग-डीकोडर हेच करतो. आणि मजकुराला हात लावायचाच नसेल तर स्ट्रिंग करूच नये. बाइट आले तसे जाऊ द्यावेत, अक्षराला धक्काही लागत नाही.

हात लावावा लागतो तो जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देताना. या कामावर मी आठ वर्षं घालवली आणि त्याचं मला समाधान आहे. डीटीपीच्या त्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलटं: तिथं तो अक्षरानंतर, इथं 'र' आधी. आता 'कीर्ती'चा 'ती' एका तुकड्याच्या शेवटी आला आणि त्याच्यावरचा रफार पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला, तर? तुकडा संपला म्हणून बदलून पुढं दिला तर रफार पोरका. आम्ही ठरवलं की शेवटच्या मोकळ्या जागेपर्यंतचंच पुढं द्यायचं, उरलेला अर्धा शब्द राखून ठेवायचा आणि पुढच्या तुकड्याच्या डोक्यावर लावायचा. बीम बदलताना जुन्या ताण्याच्या शेवटाला नव्या बीमाचे धागे गाठीनं जोडतात, तसंच हे.

यावर मला दोन उत्तरं कायम ऐकावी लागतात. एक म्हणजे, मेमरी आता स्वस्त आहे. स्वस्त कुणाला? तालुक्याच्या गावात एखादं वाचनालय जुन्या मशीनवर आपलं दप्तर खुलं करू पाहतं, त्याला नाही. दुसरं म्हणजे, हे काम एन्जिनएक्सवर सोपवा, आपण कशाला लिहायचं? हे निम्मं खरं आहे, आणि तेवढं मी मान्य करते. इगोर सिसोएव यांनी २००४ साली लोकांसमोर ठेवलेला तो सर्व्हर नुसती पडून असलेली फाइल माझ्यापेक्षा शतपटीनं चांगली देतो. सेंडफाइलच्या वाटेनं तर बाइट प्रोग्रॅमच्या मेमरीत शिरतही नाहीत, केर्नल परस्पर पोचवतो. पण परवानगी तपासून द्यायची, वाटेत बदलून द्यायची, दहा फाइलींची एक करून द्यायची, हे कुणी करायचं? आणि ज्यानं स्वतःच्या हातानं एकदाही फाइल उघडून, वाचून, देऊन, मिटवलेली नाही, त्याला तो सर्व्हर बिघडल्यावर काय कळणार?

आजकाल माझ्याकडं येणारी मुलं हुशार आहेत, माझ्या पिढीपेक्षा जास्तच. पण त्यांच्या हाताखाली सगळं शिजवून येतं. फायबरच्या वेगात चूक दिसतच नाही. तपासायला दोन केबीची फाइल घेतात आणि तीही इंग्रजी. ती चालली की झालं. जिच्यासाठी हे सगळं करायचं ती आजी रेशनच्या रांगेत उभी राहून सात-बारा उतरवून घेत असते, तिच्या फोनचा वेग त्यांच्या टेबलावर कधी येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून मी एक फाइल जपून ठेवली आहे. तिच्यात एकच शब्द आहे, 'कबनूर', मधे जागा न सोडता दहा हजार वेळा. पन्नास हजार चिन्हं, दीड लाख बाइट. नवी तुकडी आली की मी ती देते आणि सांगते, तुकड्यातुकड्यांनी वाचा, स्ट्रिंग जोडत जा आणि पडद्यावर काढा. गेल्या जूनमध्ये एका मुलीनं तशी काढली. वडील जॉबर, आई कांड्या भरते. बाकीची मुलं वरवर बघून 'बरोबर आलं' म्हणाली. ती मात्र खाली खाली सरकवत राहिली. आधी तीन चौकटी सापडल्या, पुढं बऱ्याच अंतरावर दोन. मग तिनं वही काढली आणि ६५,५३६ला पंधरानं भागायला घेतलं. ४,३६९ कबनूर पुरे बसले, वर एक बाइट उरला. तो बाइट कुणाचा, असं तिनं मला विचारलं आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच लिहिलं: पुढच्या 'क'चा.