चिकटणारा रॉड

सोयाबीन निघायला लागलं की वाशीम जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्डिंगच्या दुकानांकडे वळतात. नवशिक्या कारागिराचा हात बसलेला असतो ६०१३ नंबरच्या रॉडवर. काडेपेटीवर काडी ओढावी तसा तो लोखंडावर ओढला, की ठिणगी पेटलीच! पण ट्रॉलीच्या हुकासारख्या जाड, भार ओढणाऱ्या जोडाला ७०१८ बरा. अन् हा बेटा चिकटूनच बसतो!

याच्या नंबरातच सगळं आहे बरं का. ७० म्हणजे जोडाची ताकद, दर चौरस इंचाला ७० हजार पौंड. १ म्हणजे आडवा, उभा, डोक्यावरचा, कसाही जोड करा. ८ म्हणजे लेप कमी हायड्रोजनचा. हायड्रोजन तापल्या पोलादात शिरला, तर वरून छान दिसणारा जोड आतून तडकतो, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा! भरल्या ट्रॉलीचा हुक रस्त्यात तुटला, तर मागच्या सायकलवाल्याचं काय?

हा हायड्रोजन येतो ओलाव्यातून. म्हणून पावसाळ्यात उघडे राहिलेले रॉड उन्हात वाळवून भागत नाही. पुड्यावर छापलेल्या तापमानाला ओव्हनमध्ये भाजावे लागतात.

चालवताना रॉड जॉबच्या अगदी जवळ ठेवायचा. लांब गेला की जोडात छिद्रं पडतात. थांबल्यावर टोकावर काचेसारखा थर जमतो आणि वीज अडते. मग पोरं रॉड जोरात आपटतात, अन् तो चिकटतो! आधी थर घासून काढा, मग हलकेच टेकवा.

मात्र काळी काच, हातमोजे आणि शेजारी उस्ताद असल्याशिवाय होल्डरला हात लावायचा नाही! आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स एका वर्षाचा असतो. रीतसर शिका.