विटांच्या भिंतीवरचा पहारेकरी

दिवेलागण झाली की घराचा दर्शनी भाग उजळून निघतो. मात्र मागचे अंगण, बाजूचा बोळ, गाडी लावण्याचा कोपरा आणि गच्चीकडे जाणारा जिना अंधारातच राहतो. चोरटे याच अंधाराचा फायदा घेतात आणि घरातील वडीलधाऱ्यांची पायरी याच अंधारात चुकते. म्हणूनच बंगल्यात, रो-हाऊसमध्ये किंवा जुन्या सोसायटीत राहणारी अनेक कुटुंबे बाहेरच्या भिंतीवर सुरक्षा दिवा बसवून घेतात. वरवर पाहता काम तासाभराचे. दोन भोके, दोन स्क्रू आणि तीन वायरी! पण हाच दिवा पहिल्या पावसात बंद पडला किंवा त्याच्या वायरमधून ओल्या भिंतीत वीज उतरली, तर सुरक्षेसाठी केलेली सोयच जिवावर बेतू शकते. त्यामुळे या छोट्या कामामागचे शास्त्र समजून घेणे गरजेचे ठरते.

दिवा कोणता घ्यावा?

पूर्वी अशा ठिकाणी १५० वॅटचा हॅलोजन लावला जाई. तो रोज रात्री दहा तास जळला तर महिन्याला ४५ युनिट वीज खर्च होते. २० वॅटचा एलईडी तेवढाच वेळ चालला तर खर्च होतो फक्त सहा युनिट. अंगणासाठी किंवा बोळासाठी १० ते २० वॅटचा एलईडी बहुधा पुरेसा ठरतो.

वॅटपेक्षाही महत्त्वाचा असतो तो खोक्यावरील ‘आयपी’ क्रमांक. त्यातील पहिला अंक धुळीपासूनचे संरक्षण दाखवतो, तर दुसरा पाण्यापासूनचे. आयपी ४४ चा दिवा पाण्याचे शिंतोडे सहन करतो. तो छज्जाखाली चालू शकतो. आयपी ६५ च्या दिव्यात धूळ शिरत नाही आणि पाण्याच्या झोतालाही तो दाद देत नाही. मुंबई-कोकणात पाऊस सरळ न पडता वाऱ्याबरोबर आडवा येऊन भिंतीला झोडपतो. तेथे उघड्या भिंतीवर आयपी ६५ पेक्षा कमी दर्जाचा दिवा लावणे म्हणजे दरवर्षी नवा दिवा विकत घेण्याची तयारी ठेवणे होय.

सेन्सरला दिसते ते उष्णतेचे चित्र

आजकाल बहुतेक सुरक्षा दिव्यांत हालचाल टिपणारा ‘पीआयआर’ सेन्सर असतो. हा सेन्सर स्वतः कोणतेही किरण सोडत नाही. माणसाच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांमध्ये होणारा बदल तो टिपतो. माणूस सेन्सरच्या समोरून आडवा गेला की हा बदल ठळक असतो. सरळ त्याच्या रोखाने चालत आला की तो क्षीण असतो. म्हणूनच येणारी व्यक्ती दिव्यासमोरून आडवी जाईल, अशी जागा निवडावी. उंची साधारण सात ते नऊ फूट ठेवावी. त्याहून खाली लावल्यास कोणीही हाताने सेन्सर झाकू शकते किंवा फिरवू शकते. फार वर लावल्यास जवळची हालचाल निसटते.

वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागातून येणारी गरम हवा, वाऱ्याने हलणाऱ्या फांद्या आणि रात्री फिरणारी मांजरे यांमुळे दिवा विनाकारण लागतो. याउलट, विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याच्या रात्री परिसराचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोहोचले की सेन्सरला माणूस उशिरा ‘दिसतो’. हा दिव्याचा दोष नव्हे. सेन्सरच्या तत्त्वाचीच ही मर्यादा आहे.

भिंत काय सांगते?

आपल्याकडे विटांची भिंत बहुधा गिलाव्याखाली दडलेली असते. बाहेरचा गिलावा सुमारे २० ते २५ मिलिमीटर जाडीचा असतो. अनेकदा कारागीर इंचभर भोक पाडतो, त्यात प्लास्टिकचा रॉल प्लग ठोकतो आणि स्क्रू आवळून मोकळा होतो. अशा वेळी दिव्याचा सारा भार विटेवर न पडता गिलाव्यावर पडतो. दोन पावसाळ्यांत गिलावा फुगतो आणि दिवा वायरीला लोंबकळू लागतो. भोक किमान ६० मिलिमीटर खोल हवे, म्हणजे प्लग खऱ्या अर्थाने विटेत बसतो.

भोक विटेत पडते आहे की दोन विटांमधल्या दर्जात, हे ड्रिलमधून बाहेर येणारी भुकटी सांगते. आधी गिलाव्याची करडी भुकटी येते. त्यानंतर लाल भुकटी आली की वीट लागली असे समजावे. करडीच भुकटी येत राहिली तर बिट दर्जात शिरले आहे. भोक थोडे सरकवावे. सुरुवातीला ड्रिलचा हॅमर बंद ठेवल्यास गिलाव्याचे पोपडे उडत नाहीत. भोकातील भुकटी काढूनच प्लग बसवावा, अन्यथा तो सैल राहतो. नव्या इमारतींत विटांऐवजी हलके सिमेंटचे ब्लॉक असतात. तेथे लाल भुकटी येणारच नाही आणि प्लगही त्या ब्लॉकसाठी बनवलेलाच घ्यावा लागतो.

वायर आत नेण्याचे आरपार भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते असावे, म्हणजे पावसाचे पाणी घरात येत नाही. वायर दिव्यात खालूनच शिरावी आणि त्याआधी तिला खाली झुकणारा छोटा वळसा द्यावा. पाणी त्या वळशाच्या तळाशी येऊन गळून पडते. दिवा आणि भिंत यांमधील फट सिलिकॉनने वरून आणि दोन्ही बाजूंनी बंद करावी. खालची बाजू मात्र मोकळी सोडावी. आत साचणाऱ्या दमटपणाला बाहेर पडण्यासाठी तेवढीच वाट असते.

विजेशी तडजोड नाही

काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विच बंद करणे सर्वांनाच ठाऊक असते. पण घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करूनही काही वायरींमध्ये वीज खेळत राहते, याचा अनेकांना विसर पडतो. इन्व्हर्टरही बंद करावा आणि केवळ टेस्टरच्या छोट्या दिव्यावर विसंबून न राहता मीटरने खात्री करून घ्यावी. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या शिडीपेक्षा कोरडी लाकडी शिडी बरी आणि ती धरायला खाली एक माणूस हवाच.

दिव्यासाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाइपमधून न्यावी. दिव्याचे आवरण धातूचे असेल तर हिरवी अर्थिंगची वायर जोडलीच पाहिजे. ‘दोन वायरींवरही दिवा लागतो’ हे खरे. पण बिघाड झाला की तोच दिवा ओल्या हाताला झटका देतो. घराच्या वीजजोडणीत ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी असल्यास वीज गळू लागताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावरील ‘टेस्ट’चे बटण अधूनमधून दाबून पाहावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार नव्या वायरिंगचे किंवा जुन्यात भर घालण्याचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागते. दिवा किंवा स्विच बदलण्यासारख्या किरकोळ कामांना तेवढी सूट आहे. सोसायटीत बाहेरची भिंत सर्वांच्या मालकीची असल्याने व्यवस्थापन समितीची परवानगीही आधीच घेतलेली बरी.

उजेड कुणाच्या डोळ्यांत?

दिवा लागला म्हणजे काम संपले असे नाही. सेन्सरवर बहुधा तीन खुंट्या असतात. एक संवेदनशीलतेची, दुसरी दिवा किती वेळ जळावा याची आणि तिसरी किती अंधार पडल्यावर त्याने काम सुरू करावे याची. अंधार पडल्यावर एकाने अंगणात आडवे चालावे आणि दुसऱ्याने खुंट्या जुळवाव्यात.

दिव्याचे तोंड मात्र जमिनीकडेच असावे. समोर रोखलेला झगझगीत दिवा शेजाऱ्याच्या शयनगृहात शिरतो आणि येणाऱ्याचे डोळे दिपवतो. त्या झोताच्या मागे गडद सावली पडते आणि लपायला नेमकी तीच जागा सोयीची ठरते. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तेथेही दिवे काढून टाकण्यापेक्षा त्यांचा प्रकाश खाली वळवण्यावर भर देण्यात आला. जो न्याय जंगलाला, तोच अंगणाला!

हे सारे काम पावसाळ्यापूर्वी, भिंत कोरडी असतानाच उरकावे. नीट बसवलेला दिवा एरवी गप्प राहतो आणि पावले वाजताच जागा होतो. पहारेकऱ्याकडून घराची अपेक्षा तरी याहून वेगळी कोणती असते?