कंसातली माणसं

पणजीचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आजोबांची आई, गावाच्या तोंडी वरच्या आळीतली म्हातारी; तिची ओळख तिथेच संपे.

एका रविवारी ‘आपले अभिलेख’ हे जुन्या जमीन-नोंदींचं सरकारी संकेतस्थळ उघडून बसलो. जिल्हा, तालुका, गाव, दस्ताचा प्रकार. पुढे गट नंबर. सरकारने पिढ्यांची नोंद ठेवली ती सारा कोण भरणार हे कळावं म्हणून. त्यामुळे आधी जमीन गाठायची, मग माणूस.

आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर फार मागे नेत नाही. 1947च्या कायद्याने शेतांचं एकत्रीकरण झालं, तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट आले. दोन्हींचा मेळ लावणारा उतारा शेवटी काकांच्या पत्र्याच्या पेटीत निघाला, विम्याच्या पावत्यांखाली!

जुना सातबारा उघडला. स्कॅन तिरका, कोपरा वाळवीने खाल्लेला. मयत खातेदाराचं नाव तलाठी तेव्हा नुसतं खोडून टाकत नसे, कंसात घाली आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर लिही. पणजोबा असे कंसात बसलेले. खाली आजोबांचं नाव, त्यापुढे ‘अ.पा.क. आई’. अज्ञान वारसाचा पालनकर्ता कोण, तर आई. आणि त्या आईच्या नावावरच वाळवी.

वर्तुळातला नंबर उतरवून फेरफार शोधला. पान सापडलं, पण मोडीत. कलम फारसं न उचलता ओढलेल्या ओळी, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तासभर झूम करून मला जेमतेम ‘मयत’ लागलं. मग प्रिंट घेऊन मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो. बोट ओळीवरून सरकत होतं: मयत, वारस मुलगा, अज्ञान, वय नऊ, पालनकर्ती आई. मग थांबून त्यांनी तीन अक्षरं सुटी सुटी उच्चारली.

रात्री आत्याला फोन केला. नाव ऐकून ती जरा वेळ गप्प राहिली.

“अरे, माझं पाळण्यातलं नाव तेच. पण आई जन्मभर मला ‘बाळी’च म्हणाली. सासूचं नाव तोंडाने कसं घेणार ती?”