शहरात गेल्याने आदिवासीपण सुटत नाही

कळमनुरी, औंढ्याकडची आंध जमातीची कुटुंबे हिंगोलीत किंवा पुण्यात स्थायिक झाली, की ‘आता कसले आदिवासी?’ असे सहज विचारले जाते. हा गैरसमज मुलांच्या शिक्षणाच्या आड येतो.

अनुसूचित जमात (राज्यघटनेच्या कलम ३४२ नुसार राज्यनिहाय यादीत नोंदलेला समाज) हा दर्जा समाजाला असतो, राहत्या जागेला नव्हे. पुण्यात राहायला गेले म्हणून गावच्या शेताच्या सातबाऱ्यावरचे नाव जात नाही, तसेच हे. सातबाऱ्याचा उतारा गावचाच लागतो. जमातीच्या दाखल्यासाठीही ६ सप्टेंबर १९५० रोजी कुटुंब जिथे राहत होते, तिथलेच पुरावे मागतात. आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यावरची ‘आंध’ ही नोंद म्हणून जिवापाड जपावी.

राहणीमान बदलले, बोली-चालीरीती विसरल्या, तरी? आप्तभाव चाचणी (जमातीच्या चालीरीतींशी नाते तपासणे) हीच निर्णायक कसोटी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आणि ते योग्यच झाले.

राज्याबाहेर मात्र नियम वेगळा. हैदराबादला गेलेल्याला महाराष्ट्राच्या दाखल्यावर तेलंगणाच्या राज्यसेवेत आरक्षण मिळत नाही.