शरीरातले निरोपे : भाग ९ – आधी ताण की आधी चावा?

मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपाशी आपण गेल्या आठवड्यात थांबलो होतो. ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरीला कळवतो, पिट्युटरी अ‍ॅड्रिनलला, आणि काही मिनिटांत रक्तात ताणाचं संप्रेरक चढू लागतं. माणसात ते कॉर्टिसॉल, उंदरांत कॉर्टिकोस्टेरॉन. दोन उंदीर भांडले की दोघांच्याही रक्तात ते वाढलेलं सापडतं. भांडण झालं म्हणून ताण आला, असं कुणीही म्हणेल. पण उलटंही होत असेल तर?

नेदरलँड्समधल्या लायडनचे मेन्नो क्रूक आणि बुडापेस्टचे योझेफ हालर यांच्या गटाने नेमकं हेच तपासलं. रॅट म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या हायपोथॅलॅमसमध्ये एक इवलीशी जागा आहे. तिथे विजेचा अगदी सौम्य प्रवाह सोडला की तो समोरच्यावर तुटून पडतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात ५३ नर रॅट होते. गंमत अशी की पिंजऱ्यात दुसरं कुणीही नसताना ती जागा चेतवली, तरी कॉर्टिकोस्टेरॉन भराभर वाढलं. म्हणजे भांडणाची गरजच नव्हती. मग काही रॅटच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढून त्यांना हेच संप्रेरक टोचलं, तर हल्ला थोड्याच वेळात आणखी सहज होऊ लागला. रागाची जागा संप्रेरक वाढवते आणि संप्रेरक रागाची जागा आणखी हुळहुळी करतं. पेटलेलं भांडण आवरता आवरत नाही, त्यामागे हे चक्र असावं.

यावरून रस्त्यावर हमरीतुमरीवर येणाऱ्या वाहनचालकांपर्यंत उडी मारणारे बरेच निघाले. मला ती उडी लांबची वाटते. मेंदूत तार घालून उठवलेला राग आणि सिग्नलला उठलेला राग एकच, असं मानायला अजून पुष्कळ पुरावा लागेल.

त्यातच हालर यांच्या आणखी एका प्रयोगाने सरळ हिशेब बिघडवला. आधी नेहमीचं भांडण कसं असतं ते पाहू. आपल्या पिंजऱ्यात रुळलेल्या नर रॅटपुढे परका नर सोडतात. घरचा नर अंगावरचे केस फुलवतो, कूस पुढे करून तिरका तिरका सरकतो, पाहुण्याला कोपऱ्यात रेटतो आणि मगच चावतो. चावाही बहुतेक पाठीवर किंवा ढुंगणावर. तिथे लागतं, पण सहसा जिवावर बेतत नाही. आता २००१ चा प्रयोग. ग्रंथी काढून, त्वचेखाली बसवलेल्या गोळीतून संप्रेरकाची पातळी कायम खालच्या पट्टीत ठेवलेले रॅट. त्यांना ताण आला तरी पातळी वर जाऊच शकत नाही. रूढ समजुतीप्रमाणे हे शांत असायला हवेत. प्रत्यक्षात ते डोकं, गळा, पोट अशा नाजूक जागी चावू लागले. नेहमी भांडणाच्या वेळी होते तेवढी वाढ इंजेक्शनने करून दिली, तर हे विचित्र चावे थांबले.

तेव्हा ‘ताणाचं संप्रेरक वाढलं की प्राणी चावतो’ हे वाक्य अर्धवट आहे. वेळेवर चढण्याइतकंच, अजिबात न चढणंही घातक ठरतं. फक्त चाव्याची जात बदलते.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना या सगळ्याची झळ थेट बोटांना बसते. छोट्या उंदरांना शेपटीला धरून उचलायची जुनी पद्धत. लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं, की नळीत शिरू देऊन किंवा ओंजळीत घेऊन उचललेले उंदीर माणसाच्या हाताजवळ आपणहून येतात आणि कमी घाबरतात. पुढे २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या गटाला आढळलं, की पुरुष संशोधकाच्या नुसत्या वासानेही उंदरांवर ताण येतो. त्याने घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी पुरतं. प्रयोग कुणी केला, पुरुषाने की बाईने, हे निबंधात नोंदवावं अशी सूचना त्या गटाने केली.