फंक्शनचे नाव आणि गाव

श्रोतेहो, पंचवटीत रामकुंडावर बाहेरगावचे कोणी आले, की तीर्थोपाध्याय आधी विचारतात, "आडनाव काय? मूळ गाव कोणते?" नुसते 'गणपतराव' सांगून भागत नाही, नामावळीच्या वह्यांत गणपतराव पुष्कळ. आडनाव, गाव, वडिलांचे नाव सांगितले, म्हणजे नेमके पान उघडते. आज आपल्याला संगणकाच्या अशाच एका वहीविषयी बोलायचे आहे.

प्रोग्रॅम लिहिणारे लोक नेहमी लागणारी कामे एका ठिकाणी तयार करून ठेवतात. तिला सामायिक लायब्ररी म्हणतात. विंडोजवर हीच डीएलएल. तिच्यातले एकेक काम म्हणजे एकेक फंक्शन. जी फंक्शने बाहेरच्यांसाठी खुली असतात, त्यांच्या नावांची यादी लायब्ररीतच असते. दुसरा प्रोग्रॅम ती यादी चाळून हवे ते नाव शोधतो. एका अक्षराचा फरक पडला, तरी फंक्शन सापडत नाही आणि प्रोग्रॅम बहुधा दारातच थांबतो.

आता गंमत अशी, की आपण 'बेरीज' असे नाव ठेवले तरी यादीत तेच उतरेल असे नाही. सी भाषेत एका नावाचे एकच फंक्शन चालते, म्हणून नाव बहुधा तसेच राहते. सी प्लस प्लस या भाषेत मात्र एकाच नावाची दोन फंक्शने चालतात. या भाषेवरचे काम ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये सुरू केले. तिच्यात एक 'बेरीज' पूर्णांकांची, दुसरी दशांशांची, असे करता येते. मग ओळखायची कशी? कंपायलर नावाला गाव जोडतो! रोमन लिपीत 'बेरीज' पाच अक्षरांत लिहिले, तर लिनक्सवरचा जीसीसी कंपायलर लिहितो: खालची रेघ, झेड, ५, बेरीज, आय, आय. ५ हा अक्षरांचा आकडा. दोन 'आय' म्हणजे दोन पूर्णांक. दशांश असतील तर डी, डी. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर त्याच नावाची सुरुवात प्रश्नचिन्हाने करतो. घराणे एकच, पण दोन वह्यांत नोंदीची तऱ्हा निराळी.

३२ बिटांच्या विंडोजवर तर साध्या सी भाषेचेही नाव सुटत नाही. तेथे 'स्टडकॉल' नावाची फंक्शन बोलावण्याची पद्धत आहे. तिच्यात मायक्रोसॉफ्टची साधने नावाआधी खालची रेघ आणि नावामागे 'अ‍ॅट ८' लावतात. चार-चार बाइटांचे दोन पूर्णांक, म्हणून ८. जीएनयूची साधने यादीत पहिली रेघ गाळतात, पण शेपूट ठेवतात. व्हिज्युअल बेसिकमधून नुसते 'बेरीज' म्हणून हाक मारणाऱ्याला यांतले एकही सापडत नाही.

यावर उपाय आहेत. सी प्लस प्लसमध्ये 'एक्स्टर्न सी' लिहिले, की गाव जोडले जात नाही. विंडोजवर 'डेफ फाइल' ही लहानशी यादी देऊन बाहेर कोणते नाव दिसावे ते आपण ठरवू शकतो. जीएनयूच्या लिंकरला 'किल अ‍ॅट' सांगितले, की शेपूटही जाते.

पण हे सोपे नाव घेताना एक गोष्ट हातची जाते, बरे का. नावाबरोबरचे गाव ही एक तपासणीही होती. ते काढल्यावर कोणी पूर्णांकांच्या जागी दशांश पाठवले, तरी नाव जुळते, दार उघडते आणि उत्तर मात्र चुकते; कधी प्रोग्रॅमच कोसळतो. न सापडलेले फंक्शन लगेच कळते. चुकीचे उत्तर कळायला महिने लागतात. म्हणून साध्या नावासोबत, फंक्शनला काय द्यायचे आणि त्याने काय परत करायचे, हे सांगणारी हेडर फाइल अवश्य द्यावी.

सारांश, बाहेरचे नाव साधनावर सोडू नये. ते आपण ठरवावे. लायब्ररी तयार झाली, की विंडोजवर 'डंपबिन' आणि लिनक्सवर 'एनएम' चालवून यादी स्वतः पाहावी. गणपतराव म्हणून हाक मारावी आणि भलतेच गणपतराव उठून यावेत, असे होऊ नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.