मीटरने न मोजलेला उन्हाळा

३० मे २०२४ रोजी देशातील विजेची कमाल मागणी सुमारे २५० गिगावॉटवर पोहोचली. तीनच आठवड्यांनी, १९ जूनला, दिल्लीने ८,६५६ मेगावॉटचा उच्चांक नोंदवला. या वाढीत घरगुती वातानुकूलन यंत्रांचा वाटा मोठा आहे. उद्याची मागणी आज ओळखता आली, तर वितरण कंपन्यांची ऐनवेळची महाग वीजखरेदी कमी होते आणि रोहित्रांवरील ताण आधीच कळतो. म्हणूनच ‘मशीन लर्निंग’ या तंत्राकडे वीजक्षेत्र वळले आहे.

तंत्राचे तत्त्व साधे आहे. मागील वापर, तापमान, आर्द्रता, वार आणि सण यांच्यातील संबंध संगणक नोंदींवरून शोधतो आणि पुढील अंदाज बांधतो. संपूर्ण शहराचा अंदाज बराच अचूक येतो. कारण एका घराची चूक दुसऱ्या घराच्या चुकीने भरून निघते. एकेका इमारतीचा अंदाज मात्र अवघड असतो. केंद्राने २०२१ मध्ये सुरू केलेल्या वितरण सुधारणा योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटरचे उद्दिष्ट आहे. त्यांच्या नोंदींमुळे तोही आवाक्यात येईल, अशी अपेक्षा आहे.

सावधगिरीची गरज आहे ती येथेच. जमाबंदीची जुनी दप्तरे चाळताना सारा किती वसूल झाला हे सापडते. रयतेच्या घरात धान्य किती उरले हे क्वचितच कळते. मीटरही मुळात वसुलीचेच साधन आहे. तो वापरलेली वीज मोजतो, गरज नव्हे.

दिल्लीतील एखादी अनधिकृत वसाहत डोळ्यांपुढे आणावी. चार भाडेकरू कुटुंबे घरमालकाच्या एकाच जोडणीवर राहतात. संगणकाला ते एकच उधळे घर दिसते. शेजारच्या घरात वापर २०० युनिटच्या आत राहावा म्हणून दुपारी कूलर बंद असतो, कारण अनुदानामुळे तेथवर बिल शून्य येते; संगणकाला ती त्या घराची सवय वाटते. वीज गेलेला तास शून्य म्हणून नोंदला गेला, तर त्या तासाला मागणीच नव्हती, असा अर्थ निघतो. अशा अंदाजावर रोहित्राची क्षमता ठरली, तर पुढील उन्हाळ्यात वीज पुन्हा जाते आणि नोंदवहीत आणखी एका शून्याची भर पडते.

म्हणून वीजखरेदीचे आणि भांडवली खर्चाचे प्रस्ताव मंजूर करताना राज्य नियामक आयोगांनी काही अटी घालाव्यात. खंडित पुरवठ्याचे तास वेगळे नोंदवले जावेत. जोडणीमागील कुटुंबांची संख्या आणि छताचा प्रकार वस्तीच्या पातळीवर विचारात घ्यावा. जनगणनेच्या घरयादीत छताची नोंद होतेच. अंदाज किती चुकला, हेही वस्तीवार प्रसिद्ध व्हावे. घरनिहाय नोंदी मात्र गोपनीयच राहिल्या पाहिजेत, कारण घर केव्हा रिकामे असते हे त्यांतून कळते.

दुपारी पत्र्याखाली पंखाही न लावणारे कुटुंब आजच्या आकडेवारीत आदर्श ग्राहक ठरते. नियोजनाने त्याची गणना वंचितांत करायला हवी.